शुल्क माफ झाले; खोलीचे काय?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की अमरावतीच्या गाडगेनगर, शेगाव नाका परिसरात एक दृश्य हमखास दिसते. हातात कागदपत्रांची पिशवी घेतलेले वडील, पाठीवर दप्तर अडकवलेला मुलगा किंवा मुलगी आणि दारोदार एकच प्रश्न : ‘खोली भाड्याने मिळेल का?’ यांतील अनेकजण वाशीम जिल्ह्यातून आलेले असतात. मानोरा, मालेगाव, रिसोड या तालुक्यांतून पहाटेची एसटी पकडून यायचे, दुपारपर्यंत खोली ठरवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा त्यांचा बेत असतो. चार-पाच तासांत केलेल्या या निवडीवर पुढची तीन-चार वर्षे कशी जाणार हे ठरते. महाविद्यालयाच्या निवडीसाठी घरात महिनाभर खल होतो. मोहल्ला मात्र जो पहिला ‘हो’ म्हणेल तो.

वाशीम जिल्ह्यात विद्यापीठ नाही, हे या धावपळीचे मूळ कारण. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार भरली. २०१८ साली केंद्राने देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून जी यादी केली, तीत महाराष्ट्रातून उस्मानाबाद, गडचिरोली, नंदुरबार यांच्याबरोबर वाशीमचेही नाव होते. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. त्याचे आवार अमरावतीत. कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात. पदवीपर्यंतचे शिक्षण वाशीम, कारंजा, रिसोड येथे होऊ शकते. पण पदव्युत्तर विज्ञान, बऱ्यापैकी अभियांत्रिकी किंवा कृषी शिकायचे तर घर सोडण्यावाचून गत्यंतर नाही. आणि घर सोडले की पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो, निवाऱ्याचा असतो.

हा प्रश्न अलीकडे अधिक टोकदार झाला आहे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे, त्याबद्दल दुमत नाही. मात्र त्यामुळे खर्चाचा ताळेबंद बदलला. पूर्वी ‘फी परवडत नाही’ म्हणून मुलगी घरी राहत असे. आता फी नाही. परंतु राहणे, जेवणे आणि येणे-जाणे यांचा खर्च उघडा पडला आहे. शुल्क शासन आणि संस्था यांच्यात परस्पर भागते. घरभाड्याचा व्यवहार मात्र एकीकडे घरमालक आणि दुसरीकडे सोयाबीनचा शेतकरी असा थेट होतो, आणि त्यात शेतकऱ्याची बाजू लंगडी असते.

ती लंगडी का, हे कॅलेंडर पाहिले की कळते. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात. त्याच वेळी पेरणी, बियाणे, खत, फवारणी यांत घरातील रोकड संपलेली असते. घरमालकाला एक-दोन महिन्यांची अनामत आणि चालू महिन्याचे भाडे आगाऊ हवे असते. खानावळवालाही महिन्याचे पैसे आधी मागतो. सोयाबीनचे पैसे हाती येतात ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे वर्षातील सर्वांत कडकीच्या पंधरवड्यात सर्वांत मोठी रक्कम उभी करावयाची. हातउसने करून आलेला बाप भाव करू शकत नाही. स्वस्त खोली दूर असली, तिथे पाण्याची अडचण असली, तरी तो ‘चालेल’ म्हणतो.

शासनाच्या भत्त्याच्या योजना आहेत, असे यावर सांगितले जाईल. त्या आहेत, आणि त्यांचे मोलही आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयाने आली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, महसुली विभागांच्या शहरांत व क वर्ग महापालिकांच्या क्षेत्रांत ५१ हजार आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, अशी तिची प्रतवारी ठरली. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना जाहीर झाली. वाशीमच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे, कारण पोहरादेवीच्या या जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती लक्षणीय आहे. परंतु गंमत अशी, की तिच्यातील पहिले तिन्ही आकडे तेच : ६०, ५१, ४३. तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८ हजारांची चौथी पायरी काय ती नवी. पहिली योजना आणि दुसरी योजना यांच्यामध्ये जवळजवळ सात वर्षे गेली; एवढ्या काळात विदर्भातील एकाही घरमालकाने भाडे वाढवले नसावे, असाच शासनाचा समज दिसतो!

या रकमेची फोड आणखी बोलकी आहे. स्वाधारमध्ये ४३ हजारांपैकी निवासासाठी धरलेले केवळ १२ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार. ५१ हजारांपैकी निवासाचे १५ हजार, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. अमरावती हे विभागाचे मुख्यालय असल्याने तेथे शिकणाऱ्यास ५१ हजारांची पायरी लागू होते. अकोला ड वर्ग महापालिका आणि विभागाचे मुख्यालयही नाही. त्यामुळे तेथे ४३ हजार. दोन्ही शहरांतील राहणीमानात एवढे अंतर खरेच आहे का, हे दोन्हीकडे राहिलेल्यांनी सांगावे. बारा हजार रुपये म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने सुमारे सव्वादोन क्विंटल सोयाबीन. २०२४ च्या हंगामात बाजारातील दर हमीभावाच्या बरेच खाली राहिले होते, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्षात त्याहून अधिक. हप्ते वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रार तर जुनीच. भत्ता आज ना उद्या मिळेल. घरमालकाला पैसे आजच हवे असतात.

आता मोहल्ल्यांकडे वळू. अमरावतीत आलेल्या नवख्या कुटुंबाची पहिली चूक दिशेची होते. बडनेरा मार्गावर खोली स्वस्त मिळाली म्हणून घ्यावी, तर विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, तपोवनापलीकडे, मार्डी रस्त्यावर. बडनेऱ्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्यास बडनेरा मार्ग योग्य, पण पदव्युत्तर विभागात प्रवेश घेतलेल्यास तोच मार्ग रोजचा वनवास. याउलट विद्यापीठाच्या अगदी दाराशी राहावे, तर वस्ती विरळ. आवाराला लागून पोहरा-मालखेडचे जंगल आहे आणि त्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या स्थानिक पत्रांत अधूनमधून येत असतात. प्रयोगशाळेत रात्री आठपर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थिनीला परतीचा रस्ता कसा वाटत असेल, हा विचार नकाशावर अंतर मोजताना सुचत नाही.

म्हणून बहुतेकांची पावले मधल्या पट्ट्याकडे वळतात. गाडगेनगर, शेगाव नाका, व्हीएमव्ही रस्ता, कठोरा नाका. येथे १९२३ पासूनचे जुने विदर्भ महाविद्यालय आहे, खासगी शिकवणी वर्ग आहेत, अभ्यासिका आहेत, खानावळी आहेत, झेरॉक्सची दुकाने आहेत. सकाळी पोहे आणि रात्री दहानंतरही एखादा चहा मिळतो. अर्थातच येथील खोल्या महाग, आणि एका खोलीत तिघे-चौघे. वरच्या मजल्यावर पत्रे टाकून पाडलेल्या खोल्या, चौघांत एक स्नानगृह, आणि विजेचे बिल मीटरप्रमाणे नव्हे तर मालकाच्या दराप्रमाणे. मे महिन्यात विदर्भातला पारा कुठवर जातो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पत्र्याखालच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. एवढे असूनही हाच पट्टा श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. थोडे अधिक भाडे पडले तरी चालेल. पायी पोहोचता येईल आणि आजूबाजूला आपल्यासारखी मुले असतील, ही दोन्ही सोयी दुचाकी नसलेल्या मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, भाड्यातील फरकापेक्षा मोलाच्या आहेत. स्वस्त खोलीतून वाचलेले पैसे ऑटोरिक्षात जातात आणि वाचनाचे दोन तास रस्त्यात, हा हिशेब दिवाळीपर्यंत प्रत्येकाच्या लक्षात येतो. तोवर अनामत अडकलेली असते.

अकोल्याचे गणित निराळे. कृषी विद्यापीठाचे आवार विस्तीर्ण आणि त्याची स्वतःची वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश मिळालेला विद्यार्थी त्या मानाने सुखी. खोल्यांची खरी मागणी वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांमुळे निर्माण झाली आहे. जठारपेठ, तोष्णीवाल लेआउट, गोरक्षण मार्ग येथे ‘रूम अव्हेलेबल’च्या पाट्या पावलोपावली दिसतात. पण अकोल्यात खोली पाहताना पहिला प्रश्न भाड्याचा नव्हे, पाण्याचा विचारावा. काटेपूर्णा धरणावर अवलंबून असलेल्या या शहरात नळाला रोज पाणी येणे ही कल्पनाच लोकांनी सोडून दिली आहे. मोठी टाकी आणि चालू बोअर असलेले घर शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडले तरी घ्यावे. जाणत्या पालकांची एक युक्ती सांगण्याजोगी आहे : ते मालकाशी बोलण्याआधी आधीच राहत असलेल्या मुलांशी बोलतात, आणि तेही मालक नसताना.

परंतु हे सारे पाहणे, विचारणे, तोलणे ज्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे त्याच्यासाठी. भाड्याच्या बोलणीत एक प्रश्न दाराच्या उंबऱ्यावरच येतो आणि बहुतेकदा तो नम्रपणे विचारला जातो : ‘आडनाव काय म्हणालात?’ त्यानंतर खोली एकाएकी ‘कालच गेलेली’ असते. कधी ‘आमच्याकडे सोवळे असते’, कधी ‘फक्त शाकाहारी’, कधी ‘फॅमिलीलाच द्यायची आहे’ अशा निरनिराळ्या शब्दांत नकार एकच असतो. दलित, मुस्लिम, आदिवासी विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. परिणामी शहरांत जातवार, धर्मवार खोल्यांचे नकाशे तयार होतात. मुलगा विद्यापीठापासून किती दूर राहतो, हे मग त्याच्या खिशापेक्षा त्याच्या आडनावावर ठरते.

आणि हे अमरावतीत घडावे, याचे वैषम्य अधिक. कारण याच शहरात १९२० च्या दशकात डॉ. पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. शाळा काढण्याइतकेच छात्रालय काढणे महत्त्वाचे आहे, हे त्या बॅरिस्टर झालेल्या शेतकरीपुत्राने ओळखले होते. ज्या गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला २००५ साली दिले गेले, त्यांनी आयुष्यभर घरे बांधली ती परक्यांसाठी. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळा त्यांनी उभ्या केल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांची समाधी जेथे आहे, त्याच गाडगेनगरात आज सर्वाधिक खोल्या भाड्याने दिल्या जातात.

या प्रश्नाची दुसरी गाठ कागदाची आहे. स्वाधारसारख्या योजनेचा लाभ घ्यायचा तर विद्यार्थी बाहेरगावी भाड्याने राहतो याचा पुरावा जोडावा लागतो. भाडेकरार हा त्यातील सर्वांत सरळ पुरावा. पण करार लिहून द्यायला घरमालक तयार नसतो. कर लागेल, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागेल, उद्या पोरगा खोलीच बळकावेल, अशा नाना शंका. प्रत्यक्षात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ स्पष्ट आहे. भाड्याचा किंवा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी असला पाहिजे, तो नोंदला गेला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा सोपा मार्ग कलम २४ ने दिला आहे, पण त्यासाठीही नोंदणीकृत करारासारखा भक्कम आधार दुसरा नाही. म्हणजे कागद घरमालकाच्याच हिताचा. तरीही तो टाळतो, आणि त्याची किंमत विद्यार्थी भत्ता गमावून मोजतो. म्हणून मोहल्ला निवडताना एक कसोटी वाढवावी लागेल. खोली कितीही चांगली असो, अनामत देण्यापूर्वी ‘करार करून द्याल का?’ असे विचारावे. नकार आला तर त्या खोलीचे खरे भाडे पाटीवर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, असे समजावे.

आजवर वाशीमकरांना या व्यवहाराची एकच बाजू माहीत होती. आता दुसरीही कळू लागली आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे नाव होते. दरवर्षी एमबीबीएसच्या शंभर जागा. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, आंतरवासितेसह. सर्व तुकड्या पूर्ण झाल्या की पाचशेच्या वर विद्यार्थी या शहरात असतील, शिवाय अध्यापक, निवासी डॉक्टर, परिचारिका. २०११ च्या जनगणनेत अवघ्या ७८ हजार वस्तीचे हे शहर. येथे आजवर भाडेकरू म्हणजे बदलून आलेला तलाठी, बँकेचा अधिकारी, फार तर तंत्रनिकेतनातील काही मुले. आता राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, आणि राष्ट्रीय कोट्यातून परप्रांतांतूनही, अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली येत आहेत.

या मुलांसाठी वसतिगृहे बांधणे हे शासनाचे काम आहे आणि ते इमारतींच्या यादीत शेवटी नव्हे तर पहिल्या क्रमांकावर असावयास हवे. तथापि नव्या महाविद्यालयांचा अनुभव असा, की वर्ग आधी सुरू होतात आणि भिंती नंतर उभ्या राहतात. मधल्या काळात लाखाळा, सिव्हिल लाइन्स, आययूडीपी वसाहत येथल्या माड्यांवर खोल्या निघतील. अकोला नाका, पुसद नाका परिसरात नवे लेआउट पडतील. शेतजमिनीचे भूखंड होतील, त्यावर घाईघाईने मजले चढतील. अमरावती-अकोल्यात चाळीस वर्षांत जे झाले ते वाशीममध्ये पाच-सात वर्षांत होईल. एकबुर्जी प्रकल्पाचे पाणी आजच उन्हाळ्यात पुरवून पुरवून वापरावे लागते. त्यात ही भर. रात्रपाळी संपवून रुग्णालयातून खोलीवर जाणाऱ्या विद्यार्थिनीसाठी रस्त्यावर दिवे आहेत का, हा प्रश्न नगर परिषदेने आजच स्वतःला विचारावा. महाविद्यालय आल्याचा आनंद फलकांवर भरपूर व्यक्त झाला; त्या फलकांच्या खर्चात दोन-चार खांब उभे राहिले असते.

आणखी एक गोष्ट. ज्या वाशीमकराला अमरावतीत वीस वर्षांपूर्वी दारातच आडनाव विचारले गेले होते, तो आज वाशीममध्ये स्वतःच्या घराची वरची खोली भाड्याने देणार आहे. दारात उभे असलेले पोर बीडचे असेल, बिहारचे असेल.

खोल्यांचे दर कोणी कायद्याने ठरवू शकणार नाही, आणि ठरवूही नयेत. पण काही गोष्टी शासनाच्या हातात आहेत. केंद्राने जुलै २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनुसार दरमहा २० हजारांपर्यंतच्या, किमान ९० दिवसांच्या वसतिगृह-निवासाला करातून सूट दिली. राज्यालाही तसे काही करता येईल. नागरी भागात भाडेकराराच्या नोंदणीचे शुल्क एक हजार रुपये आहे. वाशीम किंवा अकोल्यात शिकणाऱ्या स्वाधारच्या विद्यार्थ्याला निवासापोटी महिन्याला मिळणारी रक्कमही नेमकी एक हजारच. ज्या कागदाशिवाय भत्त्याची वाट अडते, त्या कागदासाठी एक महिन्याचा भत्ता द्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या भाडेकरारांवरील हे शुल्क माफ केले, तर तिजोरीला पडणारा खड्डा नगण्य असेल, आणि घरमालकाची ‘करार नको’ म्हणण्याची एक सबब तरी कमी होईल. पुढच्या जुलैच्या आत हा निर्णय निघू शकतो.